श्वासातला अमोनिया: टिन ऑक्साइड की पॉलिअ‍ॅनिलीन?
काकांना डायलिसिसला वाशीला नेताना त्यांच्या श्वासाचा उग्र वास जाणवायचा. मूत्रपिंडं थकली की रक्तात युरिया वाढतो, श्वासात अमोनिया उतरतो. तो टिपायला टिन ऑक्साइडचा सेन्सर टिकाऊ. पण त्याला साधारण 200 ते 400 अंश सेल्सिअस तापवावं लागतं, शिवाय अल्कोहोल, अ‍ॅसिटोनलाही तो प्रतिसाद देतो. पॉलिअ‍ॅनिलीन म्हणजे वीज वाहून नेणारं एक प्लास्टिक, ते साध्या तापमानाला चालतं: अमोनिया त्यातले प्रोटॉन ओढून घेतो, त्याचा विजेला होणारा रोध वाढतो, स्वच्छ हवा मिळाली की बराचसा पूर्ववत होतो. घरी, बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणासाठी माझा कौल त्यालाच. मात्र श्वास मुळातच दमट, त्यात खाडीकाठचा पावसाळा! ओलाव्यानेही त्याचा रोध हलतो. सोबत आर्द्रतेचा सेन्सर आणि वरचेवर कॅलिब्रेशन हवंच. तोंडातले जिवाणूही अमोनिया तयार करतात, म्हणून नमुना नाकावाटे सोडलेल्या श्वासाचा घ्यावा.