चार गाजलेली म्युझिकल्स आणि प्लास्टरमधला पाय

घोट्याचं हाड तडकलं, प्लास्टर चढलं आणि पाय उशीवर गेला. लेकीने लॅपटॉप आणून मांडीवर ठेवला. "बाबा, तू न बघताच नाकं मुरडतोस. आता बघ." तिचा रोख लंडन-न्यूयॉर्कच्या गाजलेल्या म्युझिकल्सवर, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकांवर होता. मी साथीला की-बोर्ड वाजवतो. अर्धं आयुष्य विंगेत गेलं, त्यामुळे नट मला कायम एकाच बाजूने दिसलेत. माझी कसोटीही विंगेतलीच आहे: गाणं संपल्यावर पात्र होतं तिथेच उभं असेल, तर ते गाणं नाटकात पाहुणं.

चारही चित्रणं रंगमंचावरच्या प्रयोगांची, सिनेमे नव्हेत.

पहिलं अर्थात 'द फँटम ऑफ दि ऑपेरा'. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांच्या पेठेत, १९८८ ते २०२३, एकूण १३,९८१ प्रयोग. मी बघितला तो लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधला २०११चा प्रयोग. ऑर्गनवर अर्ध्या-अर्ध्या सुरांनी घसरत येणारी ती सुरावट वाजली आणि हातावर काटा आला, खोटं कशाला बोलू? पण मग शीर्षकगीत सुरू झालं. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसच्या ऑपेराचं तळघर, होडी, धुकं, आणि त्याखाली डिस्कोत शोभेल असा ड्रमचा ठोका! तो तिथे कसा पोचला ते त्या तळघरात लपून राहणाऱ्या भुतालाच, म्हणजे फँटमलाच ठाऊक. ज्या झुंबराच्या पडण्याची इतकी ख्याती, ते या प्रयोगात पडलंच नाही, नुसत्या ठिणग्या उडाल्या. झुंबर बाजूला ठेवल्यावर उरतं काय? दोन-तीन सुरेल चाली, आणि त्याच पुन्हा पुन्हा. खरी कारागिरी आहे ती कुणी गुणगुणत नाही अशा प्रसंगात. भुताची पत्रं हातात घेऊन मालक, ऑपेराची मुख्य गायिका, नायिकेचा प्रियकर एकेक करून येतात, प्रत्येकाची तक्रार वेगळी, आणि बघता बघता सात जण सात गोष्टी एकाच वेळी गाऊ लागतात. एकही शब्द धड कळत नाही, भांडण मात्र पूर्ण कळतं. हा प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला.

'कॅट्स'बद्दल फार लिहिण्यासारखं नाही. टी. एस. एलियटच्या १९३९च्या बालकवितांना चाली लावल्यात. एक मांजर येतं, आपण कोण ते सांगतं, जातं. मग दुसरं. नाचणाऱ्यांच्या अंगात हाडं आहेत की नाहीत अशी शंका यावी इतकं काम, पण गोष्ट जागची हलत नाही. गंमत म्हणजे ज्या 'मेमरी'वर सगळा डोलारा उभा आहे, ते त्या पुस्तकातलं नाहीच. दिग्दर्शक ट्रेव्हर नन यांनी एलियटच्याच दुसऱ्या कवितेच्या आधाराने ते लिहिलं. ते गाताना एलेन पेजने शेवटी पट्टी चढवली तेव्हा प्लास्टरच्या आतली खाजसुद्धा विसरलो. पण एका गाण्यासाठी अठरा वर्षं ब्रॉडवेवर?

'हॅमिल्टन'ला मी धास्तावूनच बसलो. रॅप म्हटलं की माझे कान मिटतात. अमेरिकेच्या स्थापनेचा इतिहास, नाटकांसाठीचे ११ टोनी पुरस्कार, वर पुलित्झर, म्हणजे लोकांनी आधीच डोक्यावर घेतलेलं. आणि पहिल्या तासातच मी पडलो. लाफायेत हा फ्रेंच माणूस सुरुवातीला अडखळत, मोजके शब्द टाकत बोलतो. युद्ध रंगात येईपर्यंत त्याचं इंग्रजी सुधारतं आणि 'गन्स अँड शिप्स'मध्ये तो सगळ्यांपेक्षा जलद सुटतो. वाढलेल्या लयीतच माणूस वाढलेला दिसतो! 'सॅटिस्फाइड'मध्ये तर लग्नातलं आशीर्वादाचं भाषण चालू असताना अख्खा रंगमंच उलटा फिरतो आणि आपण नुकतीच पाहिलेली संध्याकाळ नवरीच्या थोरल्या बहिणीच्या डोळ्यांनी पुन्हा घडते. मघाशी जे हसू होतं त्याखाली काय होतं ते आता दिसतं. मध्यंतरानंतर मंत्रिमंडळाच्या कटकटींत जरा रेंगाळतं, आणि गुलामगिरीचा विषय आला की घाईने पुढे सरकतं. हे खटकलंच.

'ले मिझराब्ल' शेवटी ठेवलं, कारण १९९५चा तो अल्बर्ट हॉलमधला प्रयोग नुसता मैफलवजा होता. ना फिरता रंगमंच, ना बंडखोरांचं बॅरिकेड. गायक वेशभूषेत माइकसमोर उभे. म्हटलं, बरं झालं, आता नेपथ्याच्या जिवावर कुणी तरणार नाही.

तर ऐका. बिशपने चोरी पोटात घालून सोडून दिलेला माजी कैदी व्हॅलजाँ सुरुवातीला तळमळून गातो. पुढे बऱ्याच वेळाने, त्याच व्हॅलजाँने जीवदान दिलेला इन्स्पेक्टर जावेर पुलावर उभा राहून गातो. मला चाल ओळखीची वाटली. की-बोर्ड मागवला, हेडफोन लावून दोन्ही शेजारी शेजारी वाजवून पाहिल्या. चाल तीच! दोघांनाही दयेचाच तडाखा बसलेला, दोघांना एकच सुरावट. एकदा ती नव्या आयुष्यात नेते, दुसऱ्यांदा नदीत. बिशप दारातल्या भुकेल्या कैद्याला आत बोलावतो ती चालही पुढे तरुण बंडखोर मारियसकडे येते, मेलेल्या मित्रांच्या रिकाम्या खुर्च्यांपुढे. ऐकणाऱ्याला हे कळायला हवंच असं नाही, आत कुठेतरी ते पोचतंच. मारियस आणि व्हॅलजाँने वाढवलेली कोझेट यांचं बघताक्षणीचं प्रेम मला पटलं नाही. शेवटी निरनिराळ्या देशांतले सतरा व्हॅलजाँ आपापल्या भाषेत गायला येतात ती जत्राही नको होती. तरीही १९८५ला लंडनच्या समीक्षकांनी याच नाटकावर नाकं मुरडली होती, हे वाचून मला थोडं अवघडल्यासारखं झालं.

लेकीने निकाल विचारला. म्हटलं, "दोन पूर्ण, एक अर्धं, आणि मांजरांचं एक गाणं."

"म्हणजे आवडलं."

मी हेडफोन पुन्हा कानाला लावले. जावेरच्या शेवटाला ऑर्केस्ट्राचा खालचा सूर नेमका कोणता, ते अजून लागत नव्हतं.