कॅल्सिट्रायॉल ०.२५: कॅप्सूल चांगली, पण रक्ताच्या रिपोर्टशिवाय घ्यायची नाही

किडनीच्या रुग्णांना देतात त्या कॅल्सिट्रायॉलच्या या कॅप्सूलमध्ये औषध असतं ०.२५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा चार हजारावा भाग. आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायच्या ‘साठ हजार’ (युनिट)च्या पाकिटात व्हिटॅमिन डी असतं दीड मिलिग्रॅम, म्हणजे वजनाने सहा हजार पट. तरीही किडनीच्या रुग्णाने जास्त जपायचं ते या छोट्या कॅप्सूललाच.

त्याचं कारण किडनीच्या कामात आहे. उन्हातून किंवा पाकिटातून आलेलं व्हिटॅमिन डी आधी लिव्हरमध्ये बदलतं आणि शेवटची पायरी किडनीत पूर्ण होऊन कॅल्सिट्रायॉल, म्हणजे त्याचं प्रत्यक्ष काम करणारं रूप, तयार होतं. शरीराला गरज नसेल तेव्हा किडनी ही पायरी आवरती घेते. किडनी निकामी होत गेली की कॅल्सिट्रायॉल कमी पडतं, रक्तातलं कॅल्शियम उतरू लागतं, मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच हे आपलं हार्मोन वाढवतात आणि हाडांतून कॅल्शियम ओढलं जातं. कॅप्सूल ही तूट थेट भरून काढते. पण थेट म्हणजे किडनीचा लगाम टाळून. आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही जास्त शोषलं जातं आणि आवर घालायला फक्त डॉक्टरांनी लिहिलेला डोस उरतो.

औषध म्हणून आमचं मत चांगलं आहे. कॅप्सूल गिळायला सोपी, परिणाम खात्रीचा, आणि कॅल्शियम वाढलंच तर बंद केल्यावर बहुधा दोन ते सात दिवसांत खाली येतं. साठ हजारच्या पाकिटाचं तसं नाही. ते चरबीत साठतं आणि उतरायला आठवडे-महिने घेतं. तक्रार आहे ती घेण्याच्या पद्धतीबद्दल. ‘हाडाची गोळी’, ‘ताकदीची गोळी’ म्हणून ती मागितली जाते, आणि जुनी स्ट्रिप दाखवून महिनोन्‌महिने घेतली जाते. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) थोडं वाढलंय म्हणून प्रत्येकाने ती घ्यायची नसते. केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या सूचनांनुसार डायलिसिस सुरू नसलेल्या प्रौढ रुग्णाला ती सरसकट देऊ नये. आजार पाचपैकी चौथ्या-पाचव्या टप्प्यात असेल आणि पीटीएच खूप वाढून चढतच असेल, तेव्हाच विचार करावा.

सुरुवात बहुतेक वेळा रोज एक किंवा एक दिवसाआड एक अशी होते. डायलिसिसवाल्यांना काही ठिकाणी आठवड्यातून तीनदा, डायलिसिसच्या दिवशी देतात. चिठ्ठीत ‘एक दिवसाआड’ लिहिलं असेल तर कॅलेंडरवर खूण करावी, कारण घरात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. कॅप्सूल जेवणाआधी किंवा नंतर, कशीही चालते. पण फॉस्फरस कमी करणारी सेव्हेलामरची गोळी चालू असेल तर दोन्ही एकत्र घेऊ नयेत. ती गोळी कॅल्सिट्रायॉलचं शोषण कमी करते. सेव्हेलामर जेवणाबरोबर आणि कॅप्सूल रात्री झोपताना, ही विभागणी सोयीची पडते. ती डॉक्टरांना विचारून ठरवावी.

आता रिपोर्ट. कॅप्सूल सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर कॅल्शियम आणि फॉस्फरस लवकर तपासावं लागतं. काही रुग्णांत आठवड्याच्या आतही. पुढे किती दिवसांनी, ते डॉक्टर सांगतात. डायलिसिसच्या रुग्णाचं रक्त मशीनवर चढण्याआधी काढायचं. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन कमी असेल तर कॅल्शियमचा आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. ढोबळ हिशेब असा: अल्ब्युमिन चारपेक्षा जितकं कमी, त्याची ०.८ पट कॅल्शियममध्ये मिळवायची. कॅल्शियम ९.८ आणि अल्ब्युमिन २.८ असेल तर खरं कॅल्शियम जवळपास १०.८ निघतं. रिपोर्टवर ९.८ पुढे ‘नॉर्मल’ छापलेलं असतं आणि घरचे निर्धास्त होतात. म्हणून कॅल्शियमबरोबर अल्ब्युमिनचा रिपोर्टही मागावा.

रिपोर्ट वाचताना आणखी दोन ठिकाणी फसगत होते. पीटीएचची सामान्य मर्यादा लॅब साधारण १५ ते ६५ अशी छापते, त्यामुळे डायलिसिसच्या रुग्णाचा २५० आकडा ठळक अक्षरात येतो. पण डायलिसिसवर असताना वरच्या मर्यादेच्या दुप्पट ते नऊपट, म्हणजे ढोबळमानाने १३० ते ६००, एवढं पीटीएच चालतं. ते ६५ च्या खाली आणण्याच्या नादात कॅप्सूल वाढवली तर हाडांची झीज-भर थंडावते आणि हाडं ठिसूळच राहतात. एका आकड्यापेक्षा तो दर वेळी चढतोय का, हे पाहायचं असतं. दुसरं म्हणजे ‘व्हिटॅमिन डी’ नावाची नेहमीची तपासणी लिव्हरमध्ये बनणारं रूप मोजते, कॅल्सिट्रायॉल नव्हे. कॅप्सूल घेतल्याने तो आकडा वाढत नाही. तो पाहून आपल्या मनाने साठ हजारचं पाकीट जोडू नये. किडनीचे डॉक्टर कधी दोन्ही देतात, पण हिशेब करून.

खरेदी करताना स्ट्रिपवरचं कंपनीचं नाव नाही, घटक वाचा. कॅल्शियम कार्बोनेट ५०० मिलिग्रॅम, कॅल्सिट्रायॉल ०.२५ मायक्रोग्रॅम आणि झिंक, अशा एकत्रित कॅप्सूल आपल्याकडे सर्रास लिहिल्या जातात. गुडघेदुखीसाठी एका डॉक्टरांनी ही दिली आणि किडनीच्या डॉक्टरांनी साधी कॅल्सिट्रायॉल दिली, तर डोस नकळत दुप्पट होतो, वर कॅल्शियमची भर. दोन्ही चिठ्ठ्या एकाच मेडिकलवाल्याला दाखवा. बार्शी, अक्कलकोट किंवा इंडीहून सोलापुरात दाखवायला येणाऱ्यांनी गावच्या डॉक्टरांच्या गोळ्याही पिशवीत घालून आणाव्यात. घटकांची अक्षरं इतकी बारीक छापतात की चाळिशीच्या पुढच्या माणसाला मोबाइलवर फोटो मोठा करूनच वाचता येतात. स्ट्रिपची ही उणीव जिवावर बेतू शकणारी आहे.

बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर तेही रक्तातलं कॅल्शियम चढवतं. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर वाढलेलं कॅल्शियम ठोके बिघडवू शकतं. हे डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. आम्लपित्तासाठी मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमची पातळ औषधं किडनीच्या रुग्णाने विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि चुना. तंबाखूला लावलेला असो की ‘हाडांसाठी गव्हाच्या दाण्याएवढा’ म्हणून पाण्यातून घेतलेला, तो कॅल्शियमच आहे. डॉक्टर औषधं विचारतात तेव्हा चुन्याचं नाव कुणी घेत नाही. आपण होऊन सांगा.

फॉस्फरस वाढलेलं असेल तर ते आधी खाली आणावं लागतं, कारण कॅप्सूल ते आणखी चढवते. इथे सोलापूरच्या ताटाचा प्रश्न येतो. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पावणेचारशे मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असतं. कडक भाकरीबरोबर चमचाभर शेंगाचटणी आणि वाटीभर शेंगाचटणी यांत म्हणूनच फार फरक आहे; गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत हुरड्याबरोबर आणि उपवासाला शेंगदाण्याच्या आमटीतून हे प्रमाण कुठल्या कुठे जातं. शेंगदाण्यातलं फॉस्फरस निम्म्याहून कमी शोषलं जातं, हा दिलासा. काळ्या कोल्ड्रिंकमधलं मात्र जवळजवळ सगळं शोषलं जातं, त्यामुळे ते पूर्ण बंद.

मळमळ, उलटी, भूक मरणं, बद्धकोष्ठता, फार तहान, तोंडाला धातूची चव, गुंगी किंवा बरळणं ही कॅल्शियम वाढल्याची लक्षणं. किडनीच्या रुग्णाला मळमळ नेहमीचीच म्हणून ती अंगावर काढली जाते. कॅप्सूल चालू असताना नव्याने सुरू झाली तर पुढचा डोस घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि कॅल्शियम तपासून घ्या. गुंगी, बरळणं किंवा छातीत धडधड असेल तर थेट इमर्जन्सीत न्या.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेल्यावर पत्र्याखालच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत स्ट्रिप ठेवू नका. मऊ कवच एकमेकांना चिकटतं, आणि औषध उजेड-उष्णतेने खराब होतं. पाकिटावर लिहिलेलं तापमान पाळा, घेईपर्यंत कॅप्सूल स्ट्रिपमधून काढू नका, फोडून अर्धी करण्याचा प्रयत्न करू नका. गळालेली असेल तर टाकून द्या.

याच ताकदीत अल्फाकॅल्सिडॉलही मिळतं. त्याला किडनीची गरज नसते, पण लिव्हरची असते. म्हणून लिव्हरही बिघडलेलं असेल तर कॅल्सिट्रायॉल सरस. बाकी सावधगिरी दोन्हीला तीच, आणि एक संपलं म्हणून दुकानातून दुसरं उचलायचं नाही.