यंत्रमागाच्या शेजारी तीन हेडफोन

सोनी डब्ल्यूएच-सीएच७२०एन, जेबीएल ट्यून ७७०एनसी आणि ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम४०एक्स. तिन्ही साधारण पाच ते दहा हजारांच्या टप्प्यातले. पहिला माझा, दुसरा धाकट्या भावाचा, तिसरा कामावरचा. उन्हाळ्यापासून आलटून पालटून वापरतोय. काम लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग, घर सोलापूरच्या पूर्व भागात, भिंतीला लागून टॉवेलचा कारखाना.

आधी एएनसी, म्हणजे अॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन, कारण पैसे त्याचेच मोजतो आपण. बाहेरचा आवाज माइकने टिपायचा आणि त्याची उलटी लहर कानात सोडायची, एवढीच त्यातली युक्ती. कूलर, पंखा, रेल्वेच्या डब्याची घरघर असा एकसुरी खर्ज त्यात छान विरतो. हुतात्मा एक्सप्रेसमध्ये सोनी चढवला की कुर्डुवाडी कधी येऊन गेली कळत नाही. मागाचं गणित वेगळं. धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा मागाचा भाग) आपटतो तो आवाज तुटक आणि टोकदार. उलटी लहर तयार होईपर्यंत तो कानात शिरलेला असतो. त्यात घरघर गेल्यामुळे खटखट उलट जास्तच ठळक होते! एम४०एक्सला एएनसी नाहीच. तरी कारखाना चालू असताना मी तोच उचलतो, कारण त्याची गादी कानाभोवती घट्ट बसते आणि खटखट तिथेच अडते.

आवाजातही माझा कौल त्यालाच. हलगीचा कडक ठोका आणि मागची सनई वेगवेगळी ऐकू येतात, मंगलाष्टकांतले शब्द सुटे लागतात. जेबीएलचा बास भरगच्च. वरातीच्या डीजेला शोभतो, पण त्यावर मिक्सिंग केलं तर स्पीकरवर सगळं पोकळ वाटतं. सोनी मधला, मवाळ. अॅपमधून इक्वलायझर थोडा हलवावा लागतो. ब्लूटूथवर ओठ आणि शब्द पुढेमागे होतात, म्हणून एडिटिंगला सोनीही वायरनेच.

आता मे महिना. पारा चाळिशीपार, आणि कानावर रेक्झिनच्या गाद्या! इथे सोनी जिंकतो: वजन फक्त १९२ ग्रॅम, पकड सैल. जेबीएल २३२, एम४०एक्स २४०, आणि त्या ४८ ग्रॅमपेक्षा एम४०एक्सची पकडच जास्त छळते. चष्मा असेल तर कानशिलं दुखतात. याआधीच्या एका हेडफोनचं (नाव राहू द्या) रेक्झिन घामाने पापुद्रे सुटून मानेवर गळायचं, म्हणून आईने जुन्या टॉवेलची कव्हरं शिवून दिली. घाम टिपतात, पण गादी नीट टेकत नाही. बास पातळ होतो आणि सोनीचं एएनसी निम्मं वाटतं. गाणी ऐकायला चालेल, कामाला नाही. एम४०एक्सच्या गाद्या निदान बदलता येतात.

बॅटरीत उणं काढण्यासारखं काही नाही. एएनसी लावून सोनीला कंपनी ३५ तास सांगते, जेबीएलला ४४.

प्रवासाला मात्र भावाचाच मागून नेतो. जेबीएल घडी होऊन बॅगेच्या कोपऱ्यात बसतो. सोनीच्या वाट्या नुसत्या आडव्या फिरतात, घडी होत नाही, सोबत पिशवीही येत नाही. शेंगाचटणीच्या पाकिटांखाली दाबला जाईल याची धास्ती. एम४०एक्स घडी होतो, पिशवीही मिळते. पण सोबतची सरळ वायर तीन मीटरची! टेबलापाशी ठीक, डब्यात शेजाऱ्याच्या पायात.