वेबिनार की निकालपत्र वाचायचा ग्रुप?

हायकोर्टाचे घटनात्मक निकाल समजून घ्यायचे तर दोन रस्ते, एक तासाभराचा वेबिनार नाहीतर चार-पाच वकिलांनी मिळून निकालपत्रच वाचायचं. मी दोन्ही केलंय.

वेबिनारचा फायदा उघड आहे, कोर्टातून आल्यावर चहा घेत ऐकता येतो आणि महिन्याभरातले सात-आठ निकाल कानावरून जातात. पण कानावरूनच हं! मुंबई हायकोर्टाचा फॅक्ट चेक युनिटचा निकाल घ्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कामाबद्दलचा ऑनलाइन मजकूर खोटा आहे का ते सरकारच्याच युनिटने ठरवायचं, त्या नियमावरचा. एका वेबिनारमध्ये वक्त्यांनी तो दोन मिनिटांत उरकला, "नियम रद्द झाला, कलम १४ आणि १९" (म्हणजे घटनेतली समानतेची आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याची कलमं), पुढची स्लाइड. आता यात खरी गंमत अशी की जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठातच मतभेद झाले, न्या. पटेल म्हणाले नियम रद्द, न्या. गोखले म्हणाल्या वैध, मग प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेलं आणि सप्टेंबरमध्ये न्या. चांदूरकर पटेलांच्या बाजूने गेले. ग्रुपमध्ये आम्ही दोन्ही मतं शेजारी ठेवून वाचली, "फेक, फॉल्स, मिसलीडिंग" हे नियमातले शब्द पटेलांना मोघम वाटतात अन् गोखलेंना नाही, ते का, यावरच अख्खी संध्याकाळ गेली. युक्तिवादाला कामी येतं ते हेच.

ग्रुपची अडचण म्हणजे माणसं टिकत नाहीत, न वाचता येणारे तर असतातच (मीही आलोय तसा). ज्युनिअर असाल तर माझं मत ग्रुपला. वेबिनार फक्त कुठला निकाल वाचायचा ते ठरवायला.