रेडवुडमधली केबिन ‘ट्रान्सफर’ करून देणारा आपलाच माणूस

कॅलिफोर्नियाच्या रेडवुड उद्यानांतलं किंवा समुद्रकाठचं केबिनचं बुकिंग ‘तुमच्या नावावर करून देतो’ असं कुणी सांगत असेल, तर त्याला एक डॉलरही पाठवू नका. तो अस्खलित मराठी बोलत असला तरी नाही. उन्हाळा जवळ आला की आपल्या ग्रुपांवर असे मेसेज पुन्हा फिरू लागतात. ज्यांचे आई-वडील भारतातून यायचे आहेत, त्यांनी तर हे जरूर वाचावं, कारण या माणसाचा डोळा त्यांच्यावरच असतो.

सासू-सासरे साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे, फ्रीमाँटला आले होते. दोघांना रेडवुडची झाडं दाखवायचीच, हे आम्ही ठरवलं होतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जमिनीवर झोपून उठणं त्यांना जमत नाही, म्हणून तंबू बाद. जंगलाच्या कुशीत राहायचं आणि पाठ टेकायला पलंगही हवा, तर केबिनच. टॅमलपायस डोंगराखाली, स्टिन्सन बीचजवळच्या स्टीप रॅव्हिनच्या केबिन अगदी समुद्रावर आहेत, पण तिथे वीज नाही, ऊब लाकडाच्या शेगडीची. त्यापेक्षा उत्तरेला, क्रेसेंट सिटीजवळच्या जेडेडाया स्मिथ उद्यानातल्या केबिन आम्हाला सोयीच्या वाटल्या. आत दिवे आहेत, हीटर आहे, बंक बेड आहेत. स्वयंपाक बाहेर, बाथरूम कॅम्पग्राउंडचं सामाईक, अंथरूण-पांघरूण आपलं आपण न्यायचं. शेजारून स्मिथ नदी वाहते, जिच्या प्रवाहावर कुठेही धरण नाही, आणि स्टाउट ग्रोव्ह तिथून जवळ. चालायला सपाट वाट आणि तीनशे फुटांची झाडं, म्हाताऱ्या माणसांना आणखी काय हवं!

अडचण एकच. त्या कॅम्पग्राउंडवर केबिन फक्त चार आहेत. त्याच भागातल्या एल्क प्रेअरी कॅम्पग्राउंडलाही चारच. राज्याच्या उद्यानांचं बुकिंग ‘रिझर्व्ह कॅलिफोर्निया’ या अधिकृत साइटवर सहा महिने आधी, सकाळी आठला उघडतं आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार बघता बघता संपतात. सासू-सासऱ्यांचं येणं पक्कं झालं तोवर जुलै भरून गेला होता. त्यातच बिग बेसिनच्या तंबू-केबिन, ज्या बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या कुटुंबांना एरवी सोयीच्या पडायच्या, त्या 2020 च्या ऑगस्टमधल्या वणव्यात जळून गेल्या. 2022 मध्ये ते उद्यान उघडलं, पण दिवसा फिरण्यापुरतंच. म्हणजे मागणी तेवढीच आणि जागा आणखी कमी.

नवऱ्याने आपल्या मराठी मंडळींच्या एका ग्रुपवर विचारलं, कुणाचं बुकिंग रद्द होणार असेल तर कळवा. तासाभरात एकाचा थेट मेसेज आला. सॅक्रॅमेंटोजवळ राहतो म्हणाला. त्याच्या बायकोच्या बाळंतपणाची तारीख जवळ आली होती, डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको सांगितलं होतं आणि त्यांची जेडेडाया स्मिथची केबिन तीन रात्रींसाठी रिकामी जाणार होती. माझ्याशी फोनवर बोलला तेव्हा ‘ताई, काका-काकूंना घेऊन जाताय ना, मग सत्कारणी लागलं म्हणायचं’ हे त्याचे शब्द. कऱ्हाडला त्याची मावशी असते हेही त्याने सांगितलं. सासूबाईंनी फोन मागून घेतला आणि बायकोची काळजी घ्या म्हणून त्याला बजावलं.

पुढचं सगळं मी मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण त्याच्या बोलण्यात जवळजवळ सगळं खरं होतं. बुकिंग सहा महिने आधी उघडतं, हे खरं. रद्द केलं तर थोडं शुल्क कापलं जातं, हेही खरं. त्याने पाठवलेल्या कागदावरचा बुकिंग क्रमांक खरा होता, केबिनचा नंबर खरा होता, तारखा बरोबर होत्या. केबिनमध्ये कुत्रा चालत नाही आणि खाण्याचं सामान अस्वलांपासून वाचवणाऱ्या लोखंडी पेटीतच ठेवा, असंही त्याने आपणहून सांगितलं. खोटं होतं ते एकच वाक्य: ‘मी कॉल सेंटरला सांगून नाव बदलून घेतो, तुम्ही फक्त पैसे झेल करा,’ म्हणजे झेल या सेवेने बँकेतून थेट पाठवा. आम्ही साइट तपासली, उद्यानाचं पान वाचलं, त्याचं प्रत्येक म्हणणं पडताळलं आणि प्रत्येक वेळी ते जुळलं. जुळणाऱ्या गोष्टींच्या गर्दीत ते एक वाक्य निसटून गेलं. चारशेच्या वर डॉलर गेले.

क्रेसेंट सिटी बे एरियापासून साधारण साडेतीनशे मैल. वाटेत जेवणं, सासूबाईंना पाय मोकळे करायला थांबणं, असं करत हायवे 101 ने पोहोचेपर्यंत संध्याकाळ उलटली होती. कॅम्पग्राउंडच्या चौकीवरच्या बाईंनी ओळखपत्र मागितलं, क्रमांक संगणकात घातला आणि शांतपणे सांगितलं की हे बुकिंग काही आठवड्यांपूर्वीच रद्द झालं आहे. त्या केबिनमध्ये दुसरं कुटुंब आदल्या दिवशीच उतरलं होतं. बुकिंग असं तिऱ्हाइताला विकता येत नाही, ज्याच्या नावावर आहे त्यानेच यायचं असतं, हेही त्यांनी समजावलं. फार आपुलकीने बोलल्या. तंबूची एखादी जागा मिळते का तेही त्यांनी पाहिलं, पण शनिवार होता.

त्या गृहस्थाचा फोन बंद. क्रेसेंट सिटीतली मोटेलं भरलेली. शेवटी ऑरेगनची सरहद्द ओलांडून ब्रुकिंग्सला एक खोली मिळाली. सासरे वाटभर गप्प होते. ‘आपला माणूस होता रे तो,’ एवढंच ते नवऱ्याला एकदा म्हणाले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला परक्या देशात रात्री असं वणवण फिरवावं लागलं, याचा राग मला आजही येतो. पैशांचं दुःख त्याच्यापुढे थोडं.

त्याची युक्ती आता नीट कळते. तो खरंच बुकिंग करतो, कागद मिळाला की त्याचे फोटो करून ठेवतो, मग बुकिंग रद्द करून किरकोळ शुल्क वजा जाता पैसे परत घेतो. सरकारला भरलेले पैसे त्याला परत, तुमचे पैसे वर. तोच कागद तो किती घरांना विकत असेल, देव जाणे. म्हणून क्रमांक खरा निघाला तरी त्यावर विसंबू नका. केबिन हवी असेल तर रद्द झालेल्या जागा अधिकृत साइटवर स्वतः पाहत राहा. जागा सुटली की ती तिथेच पुन्हा दिसते, त्यासाठी मध्ये कुणी लागत नाही.

आणखी एक घोळ इथे आहे. रेडवुडला लोक ‘नॅशनल पार्क’ म्हणून शोधतात, पण हे केंद्राचं उद्यान आणि राज्याची तीन उद्यानं मिळून एकत्र चालतात, आणि जेडेडाया स्मिथ, मिल क्रीक, एल्क प्रेअरी, गोल्ड ब्लफ्स बीच ही चारही कॅम्पग्राउंडं राज्याची आहेत. केंद्राच्या ‘रिक्रिएशन डॉट गव्ह’वर केबिन सापडली नाही की माणूस गूगलवर शोधतो आणि वरच्या जाहिरातीतल्या, सरकारी वाटणाऱ्या साइटवर जाऊन पोहोचतो. बिग बेसिनची केबिन उपलब्ध आहे असं कुठे दिसलं, तर ते पान लगेच बंद करा. याच उद्यानांतल्या फर्न कॅनियन या घळीकडे उन्हाळ्यात गाडीने जायला लागणारा परवानाही कुणी विकत असतो. रेडवुडचे हे परवाने आधी काढावे लागतात, पण मोफत असतात.

पैसे आधीच गेले असतील तर त्याच दिवशी बँकेला फोन करा. झेलने आपल्या हाताने पाठवलेले पैसे बँक सहसा परत मिळवून देत नाही, आम्हालाही मिळाले नाहीत. क्रेडिट कार्डाने दिले असतील तर मात्र हरकत घेता येते, तो हक्क कायद्याने दिलेला आहे. एफटीसी या ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या ‘रिपोर्ट फ्रॉड’ साइटवर आणि एफबीआयच्या आयसीथ्री या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार-साइटवर तक्रार नोंदवा. त्याने ग्रुप सोडायच्या आत मेसेजचे, फोन नंबराचे, झेलवर दिसलेल्या नावाचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. आम्ही घेतले होते, म्हणून तक्रारीत लिहिण्यासारखं काही हाताशी होतं. ग्रुपच्या अॅडमिनलाही लगेच कळवा. आमच्या अॅडमिनने त्याला काढलं, तर महिन्याभरात दुसऱ्या शहराच्या मराठी ग्रुपवर दुसऱ्या नावाने तोच मेसेज दिसला. बायकोची तारीख तीच, डॉक्टर तेच, केबिन मात्र या वेळी स्टीप रॅव्हिनची.