शोषखड्डा बुजवला, चर खणले: आमच्या सेप्टिक टँकचे वीस महिने

गावाकडच्या घरात राहायला येऊन वीस महिने झाले. इथे गटाराची लाईन नाही, म्हणजे संडास-बाथरूमचं सगळं पाणी आपल्याच जमिनीत जिरवायचं. घर बांधताना टाइल्सवर आम्ही तीन रविवार घालवले आणि या पाण्याच्या वाटेवर जेमतेम एक दुपार. त्या दुपारची किंमत पुढे मोजली. गुण द्यायचेच तर टाकीला दहापैकी नऊ, पहिल्या शोषखड्ड्याला शून्य, आणि तो बंद करून नंतर खणलेल्या चरांना आठ. कापलेले दोन का, ते शेवटी येईलच.

आधी टाकी, कारण ती खरोखर चांगली झाली. घरात आम्ही पाच माणसं. माणशी रोज शंभर लिटर पाणी धरलं तर पाचशे, पाहुणे आले की आठशे. घाण खाली बसायला पाणी टाकीत निदान एक-दोन दिवस थांबायला हवं. त्याखेरीज माणशी वर्षाला साधारण चाळीस लिटर गाळ साठतो, म्हणजे तीन वर्षांचा सहाशे लिटर. एवढं कागदावर मांडून आम्ही आतून साडेसात फूट लांब, तीन फूट रुंद आणि पाण्याची खोली चार फूट अशी टाकी ठरवली. त्यात सुमारे अडीच हजार लिटर मावतं. वर एक फूट मोकळी हवा. टाकी लांबट हवी, कारण चौकोनी टाकीत पाणी या तोंडातून येऊन थेट त्या तोंडातून निघून जातं, गाळ बसायला वेळच मिळत नाही. मधे भिंत घालून पहिला कप्पा पाच फुटांचा आणि दुसरा अडीच फुटांचा केला. भिंतीतलं भोक तळाशीही नाही आणि वरही नाही, मध्यावर. तळाला गाळ असतो, वर तेलकट साय धरते, आणि पुढे जायला हवं ते मधलं त्यातल्या त्यात नितळ पाणी.

बांधकाम चालू असताना मी एकाच गोष्टीसाठी हट्टाला पेटले: टी, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचा पाइपाचा जोड. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या, दोन्ही पाइपांच्या तोंडाशी टी हवाच. गवंडीमामांचं म्हणणं, "ताई, सरळ पाइप ठेवा, टी तुंबतो." तुंबू शकतो, खरं आहे, पण टी नसेल तर वरची साय बाहेरच्या पाइपातून निघते आणि पुढच्या जमिनीची छिद्रं बुजवते. बाहेरच्या टीचा खालचा पाय पाण्यात दीड फूट बुडेल असा घेतला. स्लॅब टाकायच्या आदल्या संध्याकाळी टॉर्च घेऊन शिडीवरून रिकाम्या, कोऱ्या टाकीत उतरले आणि टीमध्ये हात घालून पाहिलं. आत सिमेंटचा लिंबाएवढा गोळा चिकटून सुकलेला. तसाच राहिला असता तर पहिल्याच महिन्यात "सांगितलं होतं ना, टी तुंबतो" हे ऐकावं लागलं असतं. (टाकी वापरात आल्यावर मात्र आत उतरणं सोडाच, कुणी डोकंही घालायचं नाही. आतल्या वायूने माणूस दोन श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेलाही तिथेच राहतो.)

आत येणारा पाइप बाहेर जाणाऱ्यापेक्षा दोन इंच वर आहे, हे पाण्याच्या नळीने दोनदा तपासलं. मग टाकी काठोकाठ भरून दिवसभर ठेवली. दुसऱ्या दिवशी पातळी दोन बोटं उतरलेली. एका कोपऱ्यात प्लास्टर पोकळ वाजत होतं, ते फोडून पुन्हा केलं. पुढच्या वेळी पातळी हलली नाही. घरापासून टाकीपर्यंतच्या चार इंची पाइपाला पन्नास फुटांत एक फूट उतार आहे आणि वळणावर तपासणीचं चेंबर. इथवर सगळं कसं पुस्तकातल्यासारखं.

आता खरी चूक. टाकीतून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं. डोळ्यांना ते जरा नितळ दिसतं एवढंच, रोगजंतू त्यात भरपूर असतात. त्याची पुढची सफाई करते माती. म्हणजे सेप्टिक टँक हा अर्धाच संच, उरलेला अर्धा जमीन. आणि जमिनीची परीक्षा मी घेतली ती अशी: भर उन्हाळ्यात प्लॉटच्या खालच्या कोपऱ्यात फूटभर खड्डा केला, बादलीभर पाणी ओतलं आणि घड्याळ लावलं. एक इंच पाणी आठ मिनिटांत उतरलं! मी खूश, गवंडीमामा खूश, उतार आयताच मिळतोय म्हणून प्लंबरही खूश. तिथेच आठ फूट खोल शोषखड्डा घेतला.

ती परीक्षाच खोटी होती. कोरडी, भेगाळलेली माती पहिलं पाणी गटागटा पिते. खड्डा आधी रात्रभर भरून ठेवायचा, माती फुगू द्यायची, आणि मग दुसऱ्या दिवशी मोजायचं. नंतर तसं केलं तेव्हा त्याच कोपऱ्यात एक इंच उतरायला सव्वा तास लागला. तासाच्या वर गेलं की ती जागा साध्या शोषणाला बादच. याहून सोपी खूण तर हातात होती. त्या कोपऱ्यातली ओली माती अंगठा आणि तर्जनीत दाबत पुढे सरकवली की दोन इंचांची अखंड पट्टी निघायची, न तुटता. चिकणमाती, दुसरं काय! घराच्या बाजूच्या मुरमाड जागेतली माती तशी दाबली की जागीच भुगा. हे मला आधी कुणी दाखवलं असतं तर घड्याळसुद्धा लागलं नसतं.

पहिले तीन महिने काही कळलं नाही. चौथ्या महिन्यात पाऊस लागला. आधी संडासात पाणी ओतल्यावर गुडगुड आवाज यायला लागला. मग एका सकाळी बाथरूमच्या जाळीतून काळपट पाणी वर आलं. घरातल्यांचं एकमताने निदान: टाकी भरली, टँकर बोलवा. बोलावला. टाकी उपसली. घरात शांतता. पाचव्या दिवशी पुन्हा गुडगुड.

पाचव्याच दिवशी का, ते कळल्यावर स्वतःचंच हसू आलं. अडीच हजार लिटरची टाकी, रोजचं पाचशे लिटर पाणी. करा भागाकार. सेप्टिक टँक 'भरते' ही कल्पनाच चुकीची. ती पहिल्या आठवड्यातच भरते आणि मग कायम भरलेलीच असते, जेवढं आत येतं तेवढंच बाहेर जातं. फ्रान्समधल्या लुई मूरास यांनी १८८१ मध्ये पेटंट घेतलं तेही अशाच बंद, कायम पाण्याने भरलेल्या टाकीचं. 'सेप्टिक टँक' हे नाव पुढे १८९५ च्या सुमारास इंग्लंडातल्या एक्झेटरमध्ये डोनाल्ड कॅमेरॉन यांनी दिलं. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जुनी गोष्ट आणि मी टँकरवाल्याला फोन लावत होते. शिवाय भर पावसात टाकी रिकामी करणंही धोक्याचं. आजूबाजूच्या जमिनीत पाणी चढलेलं असताना रिकामी टाकी, त्यातही प्लास्टिकची, होडीसारखी वर उचलली जाऊ शकते. आमची विटांची आणि जड स्लॅबची, म्हणून बसून राहिली.

दोष कुठे आहे हे शोधायला झाकणं उघडणं पुरतं. टाकीच्या आधीचं चेंबर तुडुंब आणि टाकीतली पातळी नेहमीची, तर तुंबा त्या दोघांच्या मधे. टाकीच्या पुढच्या चेंबरमध्येही पाणी उभं, तर टाकी निर्दोष, पुढची जमीन पाणी घेत नाहीये. आमच्याकडे दुसरा प्रकार होता. शोषखड्ड्याचं झाकण सरकवलं तर पाणी जमिनीखाली तीन फुटांवर, आणि ते सगळं आमचंही नव्हतं. भूजल वर आलं होतं. खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या भूजलापासून निदान दोन मीटर वर हवा. आमचा तळ त्यात बुडालेला. याचा दुसरा अर्थ जास्त वाईट: संडासाचं पाणी मातीतून गाळलं न जाता थेट भूजलात मिसळत होतं. विहीर वरच्या अंगाला आणि तीस मीटरहून लांब आहे, तरी मी त्या पावसाळाभर पिण्याचं पाणी उकळूनच दिलं.

पाऊस असेपर्यंत खणता येत नव्हतं. ओल्या मातीत खणलं की फावड्याने बाजू लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि छिद्रं बंद. म्हणून तेवढे महिने अंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी तात्पुरत्या पाइपाने झाडांच्या आळ्यांकडे वळवलं, टाकीत फक्त संडासाचं. त्यावर निभावलं.

आठव्या महिन्यात मुरमाड बाजूला, या वेळी माती रात्रभर भिजवून, तीन ठिकाणी मोजलं. एक इंचाला वीस ते पंचवीस मिनिटं. अशा जमिनीला चौरस मीटरमागे रोज वीस-पंचवीस लिटरच द्यावं, या हिशोबाने पाचशे लिटरला वीसेक चौरस मीटर तळ हवा. चाळीस फूट लांब आणि दोन फूट रुंद असे तीन चर खणले, दोन चरांमध्ये सहा फूट अंतर, खोली अडीच फूट. तळाला धुतलेली खडी, त्यावर भोकं पाडलेला पाइप, पुन्हा खडी, वर माती आत उतरू नये म्हणून जाळीदार कापड आणि शेवटी माती. चरांचा तळ सपाट. पाइपाला भरपूर उतार द्यायचा मोह आवरावा लागतो, नाहीतर सगळं पाणी शेवटच्या टोकाला जमतं. खोल खड्ड्यापेक्षा उथळ चर बरे, कारण वरच्या थरात हवा खेळती असते आणि घाण खाणारे जिवाणू तिथे जोमात असतात.

दुसरा पावसाळा या चरांवर पार पडला. सलग आठ दिवस झड लागली होती तेव्हा रोज सकाळी चेंबर उघडून पाहायचे. पाणी एकदाही उभं राहिलं नाही. छपराचं पाणी मात्र वेगळा चर काढून दुसरीकडे नेलं आहे. त्याचा एक थेंब त्या बाजूला फिरकू द्यायचा नाही.

रोजच्या वापराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. संडासात मैला, पाणी आणि विरघळणारा कागद, याखेरीज काही नाही. ओले वाइप्स पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, विरघळत नाहीत. सॅनिटरी पॅडचा तर प्रश्नच नाही. स्वयंपाकघरातलं पाणी तेल अडवणाऱ्या छोट्या चेंबरमधून जातं, ते पंधरा दिवसांनी साफ करणं हे घरातलं सगळ्यांत नावडतं काम. जिवाणूंची पावडर सुरुवातीला दर महिन्याला ओतत होते, मग थांबवली. काडीचा फरक पडला नाही, कारण लागणारे जिवाणू मैल्यातच असतात, तेही फुकट. अॅसिडचं क्लीनर आठवड्याला थोडं वापरते, बाटलीभर एकदम कधीच नाही. वॉशिंग मशीन एका दिवशी चार-चार वेळा लावणं बंद केलं, कारण एकदम आलेला लोंढा खाली बसलेला गाळ ढवळून पुढे नेतो. टाकीतला वायू बाहेर सोडणारा व्हेंट पाइप छपराच्या वर नेऊन तोंडाला बारीक जाळी बांधल्यापासून वास नाही आणि डासही नाहीत. जाळी नसलेले पहिले दोन महिने आठवू नयेत असे.

गाळ मी स्वतः मोजते. लांब बांबूला जुन्या पांढऱ्या टॉवेलची पट्टी गुंडाळायची, पहिल्या कप्प्याच्या झाकणातून सावकाश तळाला टेकवायची, काही मिनिटं थांबायचं आणि सरळ वर काढायची. वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहून, सोबत कुणीतरी असतानाच, आणि जवळपास विडी-काडी काही नाही. टँकर येऊन सोळा महिने झाले. परवा पट्टीवर काळा डाग साडेसात इंचांपर्यंत होता आणि वरची साय दोन-अडीच इंच. दोन्ही मिळून दहा. पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्शाला, म्हणजे सोळा इंचांना पोचलं की टँकर. या वेगाने अजून आठ-दहा महिने तरी आहेत.

झाकणांबद्दल चुटपूट आहे. ती जमिनीच्या पातळीत ठेवली, वरून माती टाकली, गवत उगवलं आणि चौथ्या महिन्यातल्या त्या सकाळी भर पावसात पहारीने टोचत टोचत टाकी शोधावी लागली. आता दोन्ही झाकणांवर वीतभर कठडा बांधला आहे, आणि घराच्या दोन कोपऱ्यांपासून टाकी, चेंबर, चर किती फुटांवर आहेत याचा नकाशा मीटरच्या पेटीच्या दारावर आतून चिकटवला आहे. चरांवर गाडी नेऊ नये म्हणून दगडांची ओळ लावली, तरी विटा टाकायला आलेला ट्रॅक्टर एकदा कडेवरून गेलाच.

कापलेल्या दोन गुणांचं कारण मला उन्हाळ्यात गवताने दाखवलं. पहिल्या दोन चरांवर हिरव्या पट्ट्या, तिसऱ्यावर आजूबाजूसारखंच वाळलेलं. पाणी तीन वाटांनी फोडणारं चेंबर उघडून स्पिरिट लेव्हल ठेवली तर ते पाऊण बोट कललेलं. माती दाबून न घेता घाईत बसवलं होतं. म्हणजे तीन चरांचं काम गेलं वर्षभर दोघेच ओढताहेत. प्लंबरला सांगून झालंय, जमीन पुरती सुकली की चेंबर उचलून काँक्रीटवर बसवायचं आहे, आणि त्या दिवशी लेव्हल मी माझ्या हाताने धरणार आहे.