डब्यावर 250 लिहिलंय, 100 धरा

गेल्या आठवड्यात एचओएचं, म्हणजे आमच्या वसाहतीच्या घरमालक संघटनेचं, पत्र आलं. रस्त्याकडच्या कुंपणाचा मधला भाग पांढुरका पडलाय, तीस दिवसांत काय ते करा. ऑक्टोबर 2023 मध्ये स्वतःच्या हाताने स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, मारलेलं हे कुंपण. त्यावर टेक्ससचे दोन उन्हाळे गेले, त्यामुळे आता बोलायचा हक्क मिळाला असं समजतो.

घर डॅलसच्या उत्तरेला, कोपऱ्याचा प्लॉट. सीडरचं सहा फूट उंच कुंपण, मागचं 70 फूट आणि रस्त्याच्या कडेने पश्चिमेकडे तोंड केलेलं सरळ 80 फूट. स्टेन तेलाचा, सेमी-ट्रान्सपरंट (अर्धपारदर्शक), तांबूस तपकिरी. ब्रँडचं नाव घेत नाही, कारण माझा राग ज्या आकड्यावर आहे तसला आकडा सगळेच छापतात.

आकडा असा: एका गॅलनमध्ये 100 ते 250 चौरस फूट. आपलं कुंपण 900 चौरस फूट. मी मधला मार्ग म्हणून 200 धरले, साडेचार गॅलन आले. पाच गॅलनची बादली घेतली, दोनशे डॉलरच्या घरात, आणि उरलेल्यात अंगणातला बाक रंगवायचाही बेत केला. बायको म्हणाली, "आठ तरी घे." एकदा रंग मिसळून दिलेला डबा दुकानवाले परत घेत नाहीत, त्यामुळे मी तिला हसलो. ते हसू दीड दिवस टिकलं.

250 हा आकडा रंधा मारलेल्या गुळगुळीत लाकडाचा. कुंपणाच्या फळ्या करवतीतून निघालेल्या तशाच असतात, खरखरीत, सगळे तंतू उभे. त्यात सहा महिने ऊन खाल्लेल्या. आधी त्यांच्यावर पाणी शिंपडून पाहिलं होतं. थेंब वर बसून राहिला तर लाकूड स्टेन घेणार नाही, शोषला गेला तर घेईल. माझ्याकडे थेंब पडायच्या आत गायब, आणि मी मूर्ख त्यावर खूश झालो! जे लाकूड पाणी असं पितं ते दोनशे डॉलरचं तेलही तसंच पिणार, हे डोक्यात आलं नाही. चार गॅलन मागच्या 70 फुटांतच संपले.

स्टेनच्या आधीच्या धुण्याचं थोडक्यात सांगतो. ऑक्सिजन ब्लीचने घासलं, प्रेशर वॉशर लांबून आणि रुंद फवाऱ्यानेच मारला, नाहीतर लाकडाला लव फुटते. खिळ्यांखाली काळे ओघळ आले होते. सीडरमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड यांची ती शाई. ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्याने ती जाते, हातमोजे घालून करा. मग दोन दिवस वाळू दिलं.

उन्हाचं मात्र लक्षात ठेवा. डब्यावर 50 ते 90 अंश फॅरनहाइट लिहिलेलं असतं, ते नुसतं हवेचं नाही, फळीचंही. ऑक्टोबरातही हवा 85 असली तरी उन्हातल्या फळीला हात लावून बघा. तापलेल्या फळीवर स्टेन आत मुरायच्या आत वरच सुकतो आणि जिथे थांबलात तिथे पट्टा उमटतो. म्हणून पश्चिमेची बाजू सकाळी, मागची संध्याकाळी, सावलीच्या मागे मागे फिरायचं. मी पंपाने फवारत होतो, बायको मागून ब्रशने चोळत होती. चोळणं सोडलं तर अर्धा स्टेन फळीवर नुसता बसतो.

तर राहिला एक गॅलन आणि 80 फूट. इथे माझ्यातला काटकसरी माणूस जागा झाला. त्या एका गॅलनमध्ये मी 35 फूट ओढले. ब्रश कोरडा पडेपर्यंत. ओला असताना रंग अगदी एकसारखा दिसत होता, शपथेवर सांगतो.

उरलेल्या 45 फुटांसाठी, फाटकापर्यंत, परत दुकानात. तीन सुटे गॅलन. तोच कोड, तोच रंग, पण मशीनमधून निघालेला दुसरा घाणा. वाळल्यावर फाटकाकडचा भाग गडद, जणू दुसऱ्याच्या घराचं कुंपण आणून जोडलंय. कंपनीला फोन केला, घाण्याचे नंबर दिले, फोटो पाठवले. उत्तर आलं की माझा खप छापलेल्या मर्यादेतच आहे. खरंच आहे. 100 ते 250 म्हटल्यावर मर्यादेबाहेर जाणार कोण? शिवाय सल्ला मिळाला की सगळे डबे आधी एका मोठ्या बादलीत एकत्र करून घ्यायचे असतात. हे डब्यावर मोठ्या अक्षरात छापा की!

पहिला उन्हाळा असाच चरफडत गेला. येणारा प्रत्येक पाहुणा फाटकाशी थबकून "इथे वेगळा रंग का हो?" विचारायचा. शेजारचे आजोबा 2011 चा उन्हाळा सांगायचे, 71 दिवस पारा शंभरी गाठत होता तो, आणि म्हणायचे, थांब, ऊन सगळं एकसारखं करेल.

उलटंच झालं. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर तो गडद, चुकीचा, वैतागून ओतलेला भाग सगळ्यात चांगला आहे. मागचे 70 फूटही ठीक. आणि एचओएने बोट ठेवलंय ते नेमकं माझ्या त्या काटकसरीच्या 35 फुटांवर. फाटकाचा भाग आणि हा भाग एकाच रेषेत, एकच ऊन खातात, त्यामुळे सबबच नाही. लाकूड करडं पडतं ते अतिनील किरणांनी त्यातलं तंतू धरून ठेवणारं लिग्निन तुटतं म्हणून, आणि ते किरण अडवतो तो स्टेनमधला रंगकण, मुख्यतः लोहाचा ऑक्साइड. कण जितके कमी, तितकं लाकूड उघडं. म्हणूनच आमच्याकडच्या उन्हात बिनरंगी पारदर्शक स्टेनच्या वाटेला जाऊ नका. पूर्ण झाकणारा जास्त टिकतो, पण निघायला लागला की पापुद्रे सुटतात आणि खरवडत बसावं लागतं.

बाबांनी वर्ध्याहून फोनवर ऐकवलं होतं, "एवढे डॉलर कशाला, जवसाचं तेल चोळ, आपल्या सागवानी दाराला चाळीस वर्षं लावतोय." दार ओसरीत सावलीत आहे, बाबा. नुसत्या तेलात रंगकण नाहीत, आणि दमट हवेत बुरशीला ते आवडतं. पण तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून गॅरेजमध्ये टाकू नकोस, हे त्यांचं दुसरं वाक्य मी पाळलं. तेल वाळताना तापतं आणि चिंधी आपोआप पेटते. 1991 मध्ये फिलाडेल्फियातली वन मेरिडियन प्लाझा ही 38 मजली इमारत अशाच चिंध्यांवरून पेटली, तीन अग्निशामक जवान दगावले. मी चिंध्या ड्राइव्हवेवर एकेक पसरून वाळवल्या.

खालच्या फूटभरावरचे पांढरे डाग स्टेनचा दोष नाही. स्प्रिंकलरचं क्षारांचं पाणी रोज कुंपणावर उडत होतं. तोंड फिरवलं, थांबलं.

शनिवारी पारा 80 च्या आत आहे. त्या 35 फुटांना दोन गॅलन पुरतील, तीन आणलेत, आणि तिन्ही एकाच बादलीत ओतणार आहे. पावती बायकोने फ्रिजवर लावून ठेवली आहे.